दोन नंबरची पुडी

सासऱ्यांनी रक्तदाबाची गोळी बंद केली आहे, हे मेघाला कोणी सांगितले नाही; ते तिला वजाबाकीने कळले. एक तारखेला तीस गोळ्या आणल्या होत्या. एकोणीस तारखेच्या रात्री त्यांतल्या अकरा उरायला हव्या होत्या, आणि होत्या बावीस. एखाद्या गोळीचा फरक असता तर विस्मरण म्हणून सोडून देता आला असता. अकरा गोळ्यांचे विस्मरण होत नाही. तो निर्णय असतो.

मेघा संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली होती आणि वाळूजच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करीत होती. दिवसाला यंत्रांचे तीनशे दांडे तिच्या हाताखालून जात, आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी चूकही तिच्या नजरेतून सुटत नसे. घरी मात्र तिचे माप चालत नसे. बजाजनगरच्या त्या तीन खोल्यांत सासरे सर्जेराव औताडे यांचे चाले, आणि त्यांचे चालते असे त्यांना वाटू देणाऱ्या सासूबाई पारूबाईंचे चाले. नवरा ऋतुराज दोन्ही बाजूंना ‘व्हय’ म्हणून पाळीच्या बसला निघून जाई.

सकाळी चहाच्या वेळी तिने विषय काढला.

“मामा, गोळी कधीपासून बंद आहे?”

“बंद नाय,” सर्जेराव शांतपणे म्हणाले. “आवर्तन संपलं.”

सर्जेरावांनी तीस वर्षे जायकवाडीच्या कालव्यावर पाटकरी म्हणून काढली होती. कोणत्या शेताला कधी पाणी सोडायचे आणि कधी तोडायचे, हे त्यांच्या शिट्टीवर ठरे. निवृत्तीनंतर जगातल्या उरलेल्या गोष्टींनाही तोच नियम लागू करण्यात त्यांना काही अडचण दिसली नव्हती.

“आठ दिवस सोडायचं, मंग बंद करायचं. बारमाही पाणी दिलं तर जमीन चिबाड होती, पीक सडतं. शरीराचं बी तेच. आन् प्रेशर तर उतरलंय ना? उतरलं तर गोळी कशाला? धरण भरल्यावर कुनी पावसासाठी धोंडी मागत फिरतं का?”

“गोळीनं उतरलंय, मामा. म्हणून तर चालू ठेवायची.”

“गोळीनं नाय. ह्याच्यानं.” असे म्हणून त्यांनी खाटेखालून पत्र्याचा डबा ओढला.

डब्यात फिकट पिवळसर, मातकट रंगाचे चूर्ण होते. ते ढोरगुंजीच्या मुळीचे होते. शहरातल्या दुकानांत तिला अश्वगंधा म्हणतात, जुने लोक आस्कंद म्हणतात, आणि औताड्यांच्या घरात तिला नुसते ‘डब्यातलं’ म्हणत. सर्जेरावांचे साडू बद्रीनाथ फर्दापूरला राहत. ते बांधाबांधावरून ही झुडपे उपटत, मुळ्या धुऊन सावलीत वाळवत, कुटून वस्त्रगाळ करीत आणि डबा भरला की एसटीने पाठवून देत. दुधात घेतले की बळ, तुपात घेतले की झोप, कोमट पाण्यात कालवले की सुजलेल्या गुडघ्यावर लेप, वाळलेल्या पोराला घातले की अंगावर मांस, आणि म्हाताऱ्याला घातले की पुन्हा पोर, असा त्या मुळीचा शेकडो वर्षांचा लौकिक होता. सर्जेरावांनी त्यात स्वतःची भर घातली होती. मागच्या महिन्यात जास्वंदीवर मावा पडला तेव्हाही ते डब्याकडे वळले होते; पारूबाईंनी वेळीच हात धरला.

मेघाला या लौकिकात एक रचनेचा दोष दिसत असे. हीच मुळी झोप आणते आणि हीच तरतरी आणते. माणूस झोपला तरी गुण आला, जागा राहिला तरी गुण आला. कोणत्याही परीक्षेत नापास होण्याची सोयच तिला ठेवलेली नव्हती. झोपेवर तिचा थोडा परिणाम होतो असे सांगणाऱ्या काही छोट्या चाचण्या मेघाने वाचल्या होत्या, आणि तेवढे मान्य करायला ती तयार होती. रक्तदाबाची गोळी तिच्या भरवशावर सोडावी, असे मात्र त्यांतल्या एकाही कागदात लिहिलेले नव्हते.

तिने यंत्र आणून सर्जेरावांच्या दंडाला पट्टा बांधला. आकडे आले एकशे चौसष्ट आणि अठ्ठ्याण्णव.

“बघा.”

“यंत्र तुझं हाय,” सर्जेराव म्हणाले. “ते तुझंच आयकणार.”

“मामा, तुमच्या थोरल्या भावाला कशानं झटका आला?”

स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज थांबला. थोरले भाऊ गेल्या वर्षी पोळ्याच्या दिवशी बैलाच्या शिंगाला बेगड लावता लावता खाली बसले होते, ते पुन्हा उठले नव्हते. त्यांच्या कोनाड्यात गोळ्यांची अख्खी पाकिटे निघाली होती. सर्जेरावांनी बशीतला चहा संपवला.

“त्यानं डब्यातलं कधी खाल्लं नाय,” ते अखेर म्हणाले. “कडुबाला विचार. तीन महिने खातोय. अडुसष्ट वर्सांचा गडी, परवा शिफ्टच्या बसमागं पळाला.”

“बस मिळाली?”

“बस नाय मिळाली. पन पळाला ना!”

वादाने हे सुटणार नाही, हे मेघाला कळले. सर्जेरावांची एक गोष्ट मात्र ती ओळखून होती. आयुष्यभर पाण्याचे तंटे मिटवलेला हा माणूस पुरावा मानत नसला, तरी दिलेला शब्द मानत असे. तिने तंटाच समोर मांडला.

“तुमच्या कट्ट्यावरची माणसं घेऊ. निम्म्यांना तुमचं चूर्ण, निम्म्यांना तसंच दिसणारं दुसरं काहीतरी. कुणाला काय मिळालं ते कुणालाच माहीत नसेल, मलाही नाही. पंधरा दिवस. झोप किती लागली आणि ताकद किती वाढली, दोन्ही मोजू. चूर्ण जिंकलं तर गोळीबद्दल मी पुन्हा तोंड उघडणार नाही.”

“आन् हारलं तर?”

“तर रोज एक गोळी. आवर्तन नाही, बारमाही. कायमची.”

सर्जेरावांनी मिशीवरून बोट फिरवले. “मंजूर. पन एक. हारल्यावर रडायचं नाय.”

“आणि फैसला होईपर्यंत गोळी चालू.”

“हे कामून?”

“जैसे थे,” मेघा म्हणाली. न्यायालयातला हा शब्द पाटकऱ्याला परिचयाचा होता. त्यांनी मान डोलावली, आणि मेघा मनातल्या मनात पंधरा दिवसांची तरी कमाई करून उठली.

चाचणीची तयारी तिने कारखान्यातल्या शिस्तीने केली. आधी घरच्या डॉक्टरांना फोन करून चमचाभर चूर्ण पंधरा दिवस घ्यायला हरकत नसल्याची खात्री करून घेतली. बजाजनगरच्या बागेतल्या कट्ट्यावर सकाळी चौदा जण बसत. त्यांतल्या थायरॉइडची गोळी घेणाऱ्या दोघांना तिने डॉक्टरांच्या सांगण्यावरून वगळले. त्यांनी तो पक्षपात मानला आणि समोरच्या बाकावर जाऊन बसले. उरले बारा. ताकद मोजण्यासाठी पाच लिटरचा पाण्याने भरलेला कॅन ताठ हाताने समोर धरायचा आणि सेकंद मोजायचे, असे ठरले. झोपेचे तास ज्याचे त्याने वहीत लिहायचे.

खरी अडचण होती ती खोट्या चूर्णाची. रंगाला भाजलेल्या ज्वारीचे पीठ जवळचे होते आणि किंचित कडवटपणाला चिमूटभर मेथी पुरत होती. पण अश्वगंधेला घोड्याचा वास येतो, असे तिचे नावच सांगते. घोड्याचा वास म्हणजे नेमका कोणता, हे मेघाला ठाऊक नव्हते, आणि प्रमाण-नमुन्याशी ताडून पाहिल्याशिवाय कोणतेही माप घेऊ नये, हा तिचा नियम होता. ती चूर्णाची बाटली घेऊन वरातींना घोडी पुरवणाऱ्या अयूबभाईंकडे गेली. तिने आधी बाटली हुंगली, मग घोडीची मान हुंगली, मग पुन्हा बाटली.

अयूबभाई गवताची पेंढी हातात धरून बघत राहिले. “मॅडम, लोगां बैठने कू आते. सूंघने कू तुम पहलेच आये.”

वास जुळला. निदान अयूबभाईंनी बाटली हुंगून “हौ, अपनीच है” असा निर्वाळा दिला. मेघाने मुळीचे तुकडे फडक्यात बांधून आठ दिवस पिठाच्या डब्यात ठेवले, आणि नवव्या दिवशी पारूबाईंनाही दोन्हींतला फरक सांगता येईना.

पुड्या बांधण्याचे काम तिने संघपाल खरातांकडे दिले. खरातकाका पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले होते आणि शेजारच्याच गल्लीत राहत. लिफाफ्यातला मजकूर न वाचता छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाइतका विश्वासू माणूस तिला दुसरा माहीत नव्हता. कोणते चूर्ण कोणत्या पुडीत, हे त्यांनी नाणे उडवून ठरवायचे, कागदावर लिहून लिफाफ्यात घालायचे, आणि पंधरा दिवस तोंड उघडायचे नाही, अशी योजना होती.

“पुड्यांवर काय लिहू? अ आणि ब?” खरातकाकांनी विचारले.

“अ नको, काका. लोक म्हणतील अ म्हणजे अश्वगंधा. चाचणी तिथंच संपली.”

“मग रंग? निळा अन् भगवा?”

मेघाने नुसते त्यांच्याकडे पाहिले.

“रंग तर नकोच,” खरातकाका स्वतःच म्हणाले.

“आकडे लिहा,” मेघा म्हणाली. “एक आणि दोन. आकड्याला मत नसतं.”

हे वाक्य तिला शिकवलेले होते आणि तिचा त्यावर विश्वास होता. खरातकाकांनी लिफाफ्यावर लाख ओतून जुन्या सवयीने तीन ठिकाणी शिक्का मारला. त्यानंतर कट्ट्यावर चिठ्ठ्या उचलल्या गेल्या. सहा जणांना एकच्या पुड्या मिळाल्या, सहा जणांना दोनच्या. आपला आकडा कोणालाही सांगायचा नाही, अशी ताकीद मेघाने सर्वांना दिली आणि ती कामावर गेली. संध्याकाळपर्यंत बाराही आकडे बागेच्या माळ्याला पाठ झाले होते.

कडुबा दांडगे यांना एक आला होता. आडनाव दांडगे असले, तरी अंगकाठी उलट होती. पहिल्या दिवशी कॅन त्यांच्या हातात एकवीस सेकंद टिकला होता. चौथ्या दिवशी त्यांनी पस्तीस सेकंद धरला आणि खाली ठेवताना “अजून धरला असता, पन बास” असे म्हणाले. अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झालेल्या रत्नमालाबाईंना दोन आला होता. सर्जेरावांनाही दोनच. पुडी हातात पडल्यावर त्यांनी ती उलटून पाहिली, पुन्हा सुलटी केली, आणि एकही शब्द न बोलता खिशात ठेवली.

त्या दिवसापासून सर्जेरावांनी मेघाशी अबोला धरला. पाणी हवे असले तरी ते पारूबाईंमार्फत हवे असे.

“तिला म्हनावं, पंखा कमी कर.”

“ती इथंच हाय की,” पारूबाई म्हणत. “तोंड हाय ना तुमाला?”

“हाय. पन लायकी नाय आमची.”

मेघाने तिच्या वहीत सहभागी क्रमांक सातच्या समोर ‘चिडचिड: वाढली’ अशी नोंद केली. कारण विचारायचे नाही, फक्त नोंदवायचे, हा चाचणीचा शिष्टाचार ती पाळत होती. सहाव्या दिवशी ‘झोप: साडेचार तास’, नवव्या दिवशी ‘झोप: चार तास’, अकराव्या दिवशी ‘भूक: कमी, ठेच्याला हात लावला नाही’. इतका सुसंगत आलेख तिने कारखान्यातसुद्धा क्वचितच पाहिला होता. एका गटाची रेषा वर चालली होती, दुसऱ्याची खाली, आणि दोन्हींमधली जागा दिवसेंदिवस रुंद होत होती. तिला शास्त्रज्ञाचा तो दुर्मीळ आनंद होऊ लागला, ज्याची खरे तर शास्त्रज्ञाने सर्वांत आधी शंका घ्यायला हवी.

पंधराव्या दिवशी रविवार होता. सकाळी सातला कट्टा भरला. वगळलेले दोघेही समोरच्या बाकावरून जवळ सरकले होते. खरातकाका इस्त्रीचा सदरा घालून लिफाफा मांडीवर घेऊन बसले. कॅनची शेवटची फेरी झाली. कडुबांनी तो अठ्ठावन्न सेकंद धरला आणि टाळ्या पडल्या. मेघाने आकडेमोड करून निकाल वाचला. एकच्या गटाची ताकद सरासरी चौदा सेकंदांनी वाढली, झोप तासाभराने वाढली. दोनच्या गटाची ताकद सहा सेकंदांनी घटली, झोप चाळीस मिनिटांनी कमी झाली.

“घटणारच,” रत्नमालाबाई एकदम म्हणाल्या. त्या पंधरा दिवस जे धरून बसल्या होत्या ते आता सुटले. “मेघा, तुला म्हनून सांगते. मी अंगणवाडीत एकतीस वर्षं काढली. खिचडीचा तांदूळ माझ्या हातात होता, पण कुनाचं दोन नंबरचं कधी घरी आणलं नाही. म्हातारपणी तुझ्यामुळं दोन नंबरचं पोटात घालावं लागलं. झोप कशी लागंल?”

मेघाच्या हातातले पेन थांबले. “दोन नंबरचं म्हणजे?”

“म्हणजे काय, डुप्लिकेट!” दुसऱ्या टोकाकडून कोणीतरी म्हणाले.

“आमचा माल तर एक नंबर होता,” कडुबा दंड चोळत म्हणाले. “पहिल्याच घोटाला कळलं मला. एक नंबर म्हंजे एकच नंबर!”

“सुनेनं सगळ्या गावाला एक नंबर वाटलं,” सर्जेराव कोणाकडेही न पाहता म्हणाले, “आन् घरच्या मान्साला दोन नंबर.” पंधरा दिवसांत मेघाच्या कानावर थेट पडलेले त्यांचे हे पहिले वाक्य होते.

तिने अ टाळला होता, ब टाळला होता, निळा आणि भगवा टाळला होता. पिठाला आठ दिवस घोडीचा वास शिकवला होता. आणि एवढे सगळे करून तिने एका पुडीवर ‘उत्तम’ आणि दुसरीवर ‘बोगस’ असे लिहवून घेतले होते. आकड्याला मत नसते हे ती जिथे शिकली, तिथे बाजार नव्हता.

तिच्या समोर आता हिशेब स्पष्ट होता. लिफाफ्यात काहीही असले, तरी या निकालाला अर्थ नव्हता. चाचणी चूर्णाची झालीच नव्हती, आकड्यांची झाली होती. पण लिफाफ्यात एकसमोर ‘ज्वारीचे पीठ’ लिहिलेले असण्याची शक्यता बरोबर निम्मी होती. तसे निघाले, तर सर्जेराव कायमची गोळी घेणार होते. त्यासाठी तिला काहीही खोटे बोलायचे नव्हते. फक्त गप्प बसायचे होते. आणि उलट निघाले, तर तेव्हा ही चूक सांगून निकाल मोडता येणारच होता.

अडचण एवढीच होती, की आक्षेप लिफाफा फोडण्याआधी घ्यायचा असतो. नंतर घेतला तर त्याला रडीचा डाव म्हणतात. मागच्याच महिन्यात तिने कारखान्यात चारशे दांडे परत पाठवले होते. दांडे बसत होते, फिरत होते, पण मोजणारे मापक बिघडलेले होते. बिघडलेल्या मापकाने बरोबर दिले, तरी ते माप नव्हे, योगायोग आहे, असे तिने साहेबांना लिहून दिले होते. तिने कोनाड्यातली ती अख्खी पाकिटे आठवली, सर्जेरावांचे पांढरे केस पाहिले, आणि स्वतःवर चिडत ती उठली.

“काका, लिफाफा फोडू नका. चाचणी रद्द आहे. चूक माझी आहे. पुड्यांवर एक आणि दोन लिहायला नको होतं. तुम्हाला जे वाटलं ते आकड्यामुळं वाटलं असणार. आत काय आहे ते मला माहीत नाही, पण जे असेल त्याच्यावरून काहीच सिद्ध होत नाही.”

मग सर्जेराव हळूहळू उभे राहिले. पंधरा दिवसांची अपुरी झोप त्यांच्या डोळ्यांत उतरली होती, पण आवाजाला जुन्या कालव्याची शिट्टी परत आली होती.

“व्हय का? हारायची येळ आली की पंच खराब?”

“मामा, मी हरते की जिंकते हे मला—”

“मला कळतंय ना! सरळ हिशेब हाय. एकवाल्यांना गुन आला, दोनवाल्यांचा खुर्दा झाला. मंजी एक आपली ढोरगुंज, दोन तुझं पीठ. कडुबाकडं बघ, कसा टरारलाय! हे दिसल्यावर तू रद्द म्हनती. का रं कडुबा?”

“बिलकुल नामंजूर,” कडुबा म्हणाले. एक नंबरचा माणूस म्हणून पंधरा दिवसांत त्यांना मिळालेली प्रतिष्ठा रद्द होऊ देणे त्यांना परवडणारे नव्हते.

“मामा, ऐका. आत उलटं निघालं तर?”

“उलटं निघंल तर उलटं. मी शब्द दिला हाय. लिफाफ्यात जे असंल ते सर्जेराव औताड्याला मंजूर. चाचनी रद्द बिद्द काय नाय. हे बारा गवाह हायेत.”

“चौदा,” वगळलेल्यांपैकी एक जण म्हणाला.

“चौदा! खरात, फोडा.”

खरातकाकांनी मेघाकडे पाहिले. तिने हात वर केले. त्यांनी लाखेचे तिन्ही शिक्के एकेक करून मोडले, चष्मा लावला, कागद उलगडला आणि टपालखात्याच्या निर्विकार स्वरात वाचले: “क्रमांक एक, ज्वारीचे पीठ. क्रमांक दोन, ढोरगुंज. सही, संघपाल खरात.”

गुलमोहरावरचा कावळासुद्धा ऐकत असल्यासारखा वाटला.

“पुन्यांदा वाचा,” सर्जेराव म्हणाले.

खरातकाकांनी पुन्हा वाचले. मजकूर तोच होता.

“मंग मी अठ्ठावन सेकंद धरलं ते कशावर?” कडुबांनी विचारले.

“भाकरीवर,” रत्नमालाबाई म्हणाल्या. “कालवून खाल्ली एवढंच.” त्यांचा चेहरा पंधरा दिवसांत प्रथमच उजळला होता; दोन नंबरचे म्हणून जे पोटात गेले ते अस्सल होते, म्हणजे एकतीस वर्षांचा लौकिक शाबूत होता.

सर्जेराव खाली बसले. मेघा त्यांच्या शेजारी जाऊन बसली. “मामा, खरंच सांगते, ह्याच्यावरून ढोरगुंज नापास असं मी म्हणणार नाही. चाचणी चुकलीय. माझ्याकडून शब्द मोकळा.”

“तू गप,” सर्जेराव म्हणाले. “तू लई शिकलेली हायेस, पन एक ध्यानात ठेव. तू मोडत हुतीस, म्या मोडू दिलं नाय. आता म्याच मोडला तर चौदा जन काय म्हनतील?” एवढे बोलून ते चपला घालून घरी निघाले. मेघा दोन पावले मागून चालत राहिली. जिंकल्याचे समाधान तिला होत नव्हते, कारण ती जिंकली नव्हती. आणि हरल्याचे दुःखही होत नव्हते, कारण तिला हवे ते मिळाले होते. या स्थितीला संख्याशास्त्रात नाव नाही.

घरी आल्यावर सर्जेराव खाटेवर बसले. पारूबाईंनी पाण्याचा तांब्या आणि गोळी समोर ठेवली. त्यांनी ती तळहातावर घेतली आणि उजेडाकडे धरली.

“पंधरा दिवस जैसे थे म्हनून गिळली. आता जन्माची करायची, मंजी नीट बोलणं झालं पायजे,” ते मेघाला म्हणाले. “हिचं पथ्य काय?”

“पथ्य?”

“व्हय, पथ्य. डाक्टरला इचारलं हुतं म्या. तर तो म्हनला, बाबा, काई बी खा, काई अडचन नाय. मोबाइल बघत म्हनला. ज्याला पथ्य नाय त्याला औषध कसं म्हनायचं? चुना खाल्ला काय आन् ही खाल्ली काय.”

उरलेल्या बावीस गोळ्यांचे स्पष्टीकरण मेघाने आकड्यांत शोधले होते, आलेखांत शोधले होते; ते एवढ्याशा वाक्यात होते, आणि विचारले असते तर चहाच्या पहिल्या घोटालाच मिळाले असते. ती उठली, डॉक्टरांचा कागद घेऊन आली. खाली, बारीक इंग्रजी अक्षरांत, कोणीही वाचू नये अशा बेताने छापलेल्या चार ओळी होत्या. तिने त्या मराठीत वाचायला सुरुवात केली, आणि एकही अक्षर पदरचे न घालता, आवाज मात्र जरा खाली आणला.

“रोज एकाच वेळी घ्यायची. सकाळी साडेसात.”

“मंजी साडेसात.”

“एकही खाडा नाही. मीठ निम्म्यावर.”

सर्जेराव ताठ बसले. “आन् लोनचं?”

“बंद.”

“पापड?”

“बंद.”

“ठेचा?”

मेघाने प्रामाणिकपणे विचार केला. “ठेच्यात मीठ नावाला.”

“तंबाखू?”

“मामा, तिचं तर नावसुद्धा काढायचं नाही. आणि रोज अर्धा तास चालायचं.”

त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक समाधान पसरले, जसे ते पाटाचे दार उघडल्यावर शेवटच्या शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर पसरत असेल. “आत्ता कसं! हे आधी सांगायचं ना. एवढं कडक पथ्य हाय, मंजी औषध जहाल असनार.” त्यांनी डोळे मिटले, गोळी जिभेवर ठेवली आणि दोन घोट पाण्याबरोबर श्रद्धेने गिळली.

मेघाला त्यावर बोलण्यासारखे पुष्कळ होते. औषधाची मात्रा आणि पथ्याची कडकता यांचा काहीही संबंध नसतो, हे तिला पुराव्यानिशी सांगता आले असते. तिने कागदाची घडी घातली.

स्वयंपाकघराच्या दारात पारूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. “आन् म्या पाच किलो लोनचं घातलंय ह्या साली, ते कुनी खायचं?”

“कडुबाला दे,” सर्जेराव तोंड पुसत म्हणाले. “त्याला काई बी मानवतं.”